सावलीचे पीक : प्रस्तावना

सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यात उन्हाची टंचाई कधी पडली नाही. पडली ती पाण्याची. सह्याद्री ओलांडून आलेला ढग येरळेच्या खोऱ्यात पोचेपर्यंत बराचसा रिता झालेला असतो. म्हणून ज्वारी, बाजरी, मटकी, हुलगा ही इथली जुनी पिके. ताकारी योजनेचे आणि त्यामागून टेंभू योजनेचे कृष्णेचे पाणी टप्प्याटप्प्याने वर उचलले गेले, तसा माळाचा रंग पालटला. जिथे कमरेइतकी बाजरी डोलायची तिथे दहा-बारा फुटांचा ऊस उभा राहिला. बांधावर नारळ, आंबा, शेवगा आले. देवराष्ट्र्याजवळच्या सागरेश्वरच्या उघड्या डोंगरावर धों. म. मोहिते यांच्या ध्यासातून झाडी वाढली आणि १९८५ मध्ये तिला अभयारण्याचा दर्जा मिळाला. गोठे वाढले, पक्की घरे उठली, शेडनेट आली, आता सौर पॅनेलही येऊ लागली आहेत. पाण्यामागोमाग तालुक्यात सावलीही आली.

शेतकरी मात्र सावली अजून तोट्यातच धरतो. ‘आंब्याखाली काही येत नाही’, ‘शेजारच्या उसाने माझ्या चार सऱ्या मारल्या’ ही वाक्ये गावोगाव ऐकू येतात. ती खोटी नाहीत, पण अर्धवट आहेत. कोणत्या झाडाखाली, वर्षाच्या कोणत्या महिन्यात, दिवसाचे किती तास आणि कोणते पीक येत नाही, हे त्यांत कुठेच येत नाही. हे पुस्तक हेच प्रश्न धरून बसते. कमी उजेडात खाण्याजोगे काय पिकते, किती पिकते आणि कुठे हट्ट सोडावा, याचा विचार मराठीत सुटासुटा पुष्कळ झाला आहे. पानमळेवाल्याला एक ठाऊक, कोकणातल्या बागायतदाराला दुसरे, शेडनेटवाल्याला तिसरे. ही माणसे एकमेकांशी फारशी बोलत नाहीत. त्यांना एका ओसरीवर बसवण्याची ही खटपट आहे.

सुरुवात सूर्यापासूनच करावी लागते. कडेगाव साधारण १७.३ उत्तर अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास आणि पुन्हा ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सूर्य भर दुपारी नेमका डोक्यावर येतो. शून्य सावली दिवस म्हणून शाळेतली मुलेही आता तो ओळखतात. या दोन तारखांच्या दरम्यान दुपारचा सूर्य किंचित उत्तरेला असतो, उरलेले वर्ष तो दक्षिणेला असतो. डिसेंबरच्या २१-२२ तारखेला तर तो दुपारीसुद्धा क्षितिजापासून जेमतेम ४९ अंश वर चढतो. याचा अर्थ शेतात असा उतरतो : बांधावरच्या २० फुटी झाडाची सावली त्या दिवशी भर दुपारी सुमारे १७ फूट उत्तरेकडे पडते. तेच झाड जूनच्या अखेरीस दुपारी दक्षिणेकडे दोनच फूट सावली टाकते.

बांध पूर्व-पश्चिम असेल तर उत्तरेकडच्या शेतकऱ्याचे हरभऱ्याचे, गव्हाचे पहिले काही फूट रान रब्बीभर सावलीत राहते आणि दक्षिणेकडच्याला त्याचा पत्ताही नसतो. बांधांची कितीतरी भांडणे यातून उपजतात. पण हाच हिशेब आधी मांडला तर त्या पट्ट्यात हरभऱ्याऐवजी मेथी, पालक, कोथिंबीर घेता येते. सावली किती हे पाहण्याआधी ती कधी आणि कुठल्या बाजूला, हे पाहावे लागते.

दुसरी अडचण डोळ्याची. माणसाचा डोळा कमी उजेडाशी चटकन जुळवून घेतो, म्हणून सावलीतला उजेड त्याला पुष्कळ वाटतो. उजेड लक्समध्ये मोजला तर स्वच्छ दुपारी उघड्या रानात सुमारे एक लाख लक्स भरतात. आभाळ गच्च भरले की ते दहा-वीस हजारांवर येतात. दाट झाडाखाली आणखी कमी, आणि घरात खिडकीपासून चार पावले आत आले की आकडा काहीशेवर घसरतो. वाचायला तेवढा उजेड पुरेसा असतो, पण वांग्याच्या रोपाला ती उपासमार असते. हल्ली मोबाइलवरच्या साध्या अॅपनेही लक्सचा अंदाज घेता येतो. तो काटेकोर नसतो, पण दोन जागांची तुलना करायला पुरतो.

पानाच्या आत काय घडते हे ध्यानात आले की पुढचे बरेच सोपे होते. पान दिवसरात्र श्वसन करते, म्हणजे साखर खर्च करते. उजेडात ती कमावते. ज्या उजेडात कमाई आणि खर्च यांची तोंडमिळवणी होते, त्याच्या खाली झाड फक्त तग धरते आणि हळूहळू खंगते. सावलीत वाढणाऱ्या जातींची पाने पातळ आणि रुंद असतात, त्यांचा श्वसनाचा खर्च कमी असतो, म्हणून ती थोड्या उजेडातही शिल्लक टाकतात. उलट टोकाला ऊस, मका, ज्वारी आणि बाजरी. त्यांचे पान भर दुपारच्या उन्हातही भागले असे म्हणत नाही. हळद, भुईमूग, सोयाबीन आणि बहुतेक भाज्या यांच्या एकेका पानाची भूक मात्र साधारण अर्ध्या उन्हाच्या आतच भागते. ही दोन घराणी ओळखता आली की कोणाला वर ठेवायचे आणि कोणाला खाली, हे कळायला लागते.

पानांतून गाळून आलेली सावली आणि भिंतीची सावली या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पान तांबडा आणि निळा उजेड स्वतः घेते, पण डोळ्याला न दिसणारा अतितांबडा उजेड खाली सोडून देते. खालच्या रोपाला त्यावरून समजते की वर कोणीतरी पसरले आहे, आणि ते कांडी लांबवत वर धावते. अमेरिकेतील बेल्ट्सव्हिलच्या कृषी संशोधन केंद्रात हॅरी बॉर्थविक, स्टर्लिंग हेंड्रिक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये लेट्यूसच्या बियांवर तांबडा आणि अतितांबडा उजेड आळीपाळीने टाकून पाहिला. तांबड्याने बी उगवले, अतितांबड्याने थांबले, आणि शेवटी जो टाकला त्याचेच बियाने ऐकले. त्या शोधातून फायटोक्रोम हे रंगद्रव्य हाती लागले. उसात उशिरा पेरलेले आंतरपीक शिडशिडीत होऊन लोळते, त्यामागे हेच आहे. भिंतीच्या किंवा शेडनेटच्या सावलीत उजेड कमी होतो, पण त्याचा रंग इतका बिघडत नाही. म्हणून तिथे तेच पीक खुजे राहिले तरी नीट उभे राहते.

आता या भागातल्या सर्वांत जुन्या आणि सर्वांत देखण्या उदाहरणाकडे वळू.

मिरज तालुक्यातील आरग, बेडग, नरवाड, मालगाव ही गावे पानमळ्यांसाठी नावाजलेली आहेत. नागवेल मुळात दमट जंगलातली, झाडावर चढणारी, मिरीच्या कुळातली. तिला सांगलीच्या कोरड्या, तापणाऱ्या हवेत आणून वाढवायचे तर आधी तिच्यासाठी जंगल उभे करावे लागते. पानमळेवाले नेमके तेच करत आले. शेवरी, शेवगा, हादगा, पांगारा आधी लावायचा. तो वर गेला की त्याच्या बुडाशी वेल सोडायची. ही झाडे निवडण्यात मोठी हुशारी आहे. त्यांची सावली विरळ, हलती आणि छाटता येण्याजोगी. शिवाय शेवरी, हादगा आणि पांगारा ही शेंगवर्गातली, म्हणजे मातीत नत्र भरणारी. उन्हाळ्यात फांद्या राखायच्या, पावसाळी ढग दाटले की छाटायच्या आणि वेलीला उजेड द्यायचा. कडेने वारा अडवायला केळी. वेल चढत गेली की ती लव्हाळ्याने आधाराला बांधायची, आणि फार उंच गेली की उतरण करायची : वेल सोडवून खाली घ्यायची, तिचे वेटोळे मातीत दाबायचे आणि शेंडा पुन्हा चढायला लावायचा.

खुडा करणारा माणूस पानाकडे पाहूनच ते कुठल्या उजेडातले आहे हे सांगतो. जास्त ऊन लागलेले पान पिवळट आणि राठ, अतिसावलीतले काळपट आणि पातळ. कळी, फापडा, हक्कल अशी प्रतवारी करताना त्याच्या बोटांखाली उजेडाचाच हिशेब चाललेला असतो. विड्याच्या पानाने पोट भरत नाही हे खरे. पण झाडाची सावली ऋतूप्रमाणे कमी-जास्त करण्याचे इतके नेमके तंत्र या भागात दुसऱ्या कुठल्या पिकाने जपलेले नाही. नवी शेडनेट विकत घेणाऱ्याने आधी एखाद्या पानमळ्यात सकाळभर उभे राहून पाहावे, असे या पुस्तकाचे आग्रहाचे सांगणे आहे, आणि ते रास्त आहे.

हळदीची गोष्ट याला लागूनच येते. सांगलीची हळदपेठ देशभर माहीत आहे. हरिपूरच्या जमिनीखालच्या पेवांत हळद साठवण्याची रीत कितीकांनी ऐकलेली असते, आणि २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकनही मिळाले. मिरज तालुक्यातील कसबे डिग्रज येथे राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे हळद संशोधन केंद्र आहे. फुले स्वरूपा ही जात तिथलीच. अक्षय्य तृतीयेच्या सुमारास लागण झालेली हळद विरळ सावली खुशाल सोसते, म्हणून तिच्यात तूर, मिरची, घेवडा, कोथिंबीर घेण्याची पद्धत आहे. पण इथेच एक इशारा : मका उंच, दाट आणि खादाड, तो हळदीत घातला की हळदीचे उत्पादन घटते. सावली सोसणे आणि सावलीत फोफावणे यांत अंतर आहे. हळद पहिल्या वर्गातली आहे, हे विसरून चालत नाही.

शेजारच्या सातारा जिल्ह्यातले आले थोडे पुढे जाते. आल्याच्या गादीवाफ्याच्या कडेला एरंडाची झाडे राखणारे शेतकरी आहेत. कोवळ्या आल्याला एप्रिल-मेच्या उन्हाचा चटका लागू नये हा हेतू. केरळ कृषी विद्यापीठात झालेल्या प्रयोगांत आल्याला उघड्यापेक्षा चौथाई सावलीत अधिक उत्पादन मिळाल्याचे दिसले. सुरण, अळू, अरारूट, कोनफळ ही मंडळीही याच पंगतीतली. परसात मोरीच्या पाण्यावर, पपईच्या आडोशाला वाढलेला अळू हे कमी उजेडातल्या शेतीचे घराघरांतले उदाहरण. त्याला कुणी प्रयोग म्हणत नाही एवढेच.

घाटाखाली उतरले की सावलीची शेती हीच मुख्य शेती ठरते. गोव्यातल्या कुळागरात झऱ्याचे पाणी पाटाने फिरते, वर माड आणि पोफळी, पोफळीच्या अंगावर मिरी, मध्ये केळी, जायफळ, कोकम आणि जमिनीलगत हळद, जिच्या पानांत चवथीच्या दिवसांत पातोळ्या उकडतात. प्रत्येकाचा मजला ठरलेला. रत्नागिरीजवळ भाट्ये येथील प्रादेशिक नारळ संशोधन केंद्राने याच परंपरेला मापे दिली आणि नारळाच्या बागेत जायफळ, दालचिनी, मिरी, केळी, अननस बसवून ‘लाखी बाग’ ही कल्पना रुजवली. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने या मजल्यांसाठी वाणही दिले : जायफळाचे कोकण सुगंधा, दालचिनीचे कोकण तेज. नारळाची गंमत अशी की तरुण बाग उजेड अडवते, पण झाडे पंचविशीच्या पुढे गेली की शेंडे उंच जातात आणि खाली पुन्हा तिरपा उजेड यायला लागतो. म्हणजे एकाच बागेत वयाप्रमाणे खालचे पीक बदलावे लागते. केरळातल्या कासरगोडच्या कृषी संशोधकांनी, त्यांत पुढे कृषिवनीकरणासाठी जगभर ओळखले गेलेले पी. के. आर. नायर होते, १९७४ मध्ये बहुमजली पीकपद्धती शास्त्रीय मांडणीत आणली. कुळागरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या गोष्टीला विद्यापीठांत जागा मिळाली ती तेव्हा. विदर्भात चिखलदऱ्याची कॉफीही अशीच मोठ्या झाडांच्या छायेत इंग्रजांच्या काळापासून टिकून आहे.

कडेगावने हे सारे जसेच्या तसे उचलावे असे कोणी म्हणणार नाही. कोकणात पाऊस आणि दमट हवा फुकट मिळते, इथे ती पाण्याच्या बिलात मोजावी लागते. इथल्या परिस्थितीला जवळची विचारधारा दुसरीच आहे, आणि ती याच जिल्ह्यातल्या बागांत रुजली. गणिताचे अध्यापक असलेले प्रा. श्री. अ. दाभोळकर यांनी ‘प्रयोग परिवार’ उभा केला आणि तासगाव भागातल्या द्राक्ष बागायतदारांना पानाच्या प्रत्येक चौरस फुटावर पडणाऱ्या उन्हाचा हिशेब करायला लावले. पान ही ऊन गोळा करणारी झोळी, आणि एका पानाने दुसऱ्याची झोळी झाकली तर वेल दोन्ही पाने पोसते आणि कमाई एकाचीच होते, हा त्यांच्या सांगण्याचा गाभा. जमीन किती आहे यापेक्षा उजेडात किती पाने उभी आहेत, हे त्यांनी मोजायला शिकवले. सावलीच्या शेतीचा सगळा विचार या वाक्याच्या उलट बाजूने सुरू होतो : वरच्या पानांनी न पकडलेला उजेड खाली कुणाच्या झोळीत पडतो?

द्राक्षानेच या भागाला कमी उजेडाचा कडू धडाही दिला. तासगाव, खानापूर, पलूस, कडेगावच्या द्राक्षबागांत एप्रिलमध्ये खरड छाटणी होते आणि त्यानंतरच्या साधारण दोन महिन्यांत डोळ्यांमध्ये पुढच्या हंगामाचे घड आकार घेतात. त्याच काळात आभाळ झाकोळून राहिले, किंवा काड्यांची गर्दी होऊन आतल्या डोळ्यांवर ऊन पडले नाही, तर ऑक्टोबरच्या फळछाटणीनंतर घडाऐवजी बाळी निघते. नुकसान होते जूनमध्ये आणि दिसते नोव्हेंबरमध्ये. काडी विरळ करणे, जास्तीचे फुटवे काढणे ही कामे उजेडासाठीच असतात. अवकाळी ढगाळ दिवस वाढत चालले आहेत हे इथल्या प्रत्येक बागायतदाराच्या अनुभवाचे आहे, म्हणून हा धडा द्राक्षापुरता राहत नाही. पूर्व भारतातल्या भाताची हीच व्यथा आहे : खरिपात ढगांमुळे उजेड कमी पडतो, दाणे नीट भरत नाहीत. कटकच्या राष्ट्रीय तांदूळ संशोधन संस्थेत कमी उजेड सोसणाऱ्या वाणांवर दीर्घकाळ काम चालले आहे, आणि केरळात पट्टांबीला तयार झालेला स्वर्णप्रभा हा वाण त्यात आदर्श मानला जातो.

आणि मग ऊस. कडेगावची चर्चा त्याच्याशिवाय पुरी होत नाही. फलटण तालुक्यातील पाडेगावचे ऊस संशोधन केंद्र १९३२ पासून उभे आहे. तिथून शिफारस झालेल्या को ८६०३२ आणि फुले २६५ या वाणांनी हा सारा टापू व्यापला आहे. आडसाली ऊस जुलै-ऑगस्टमध्ये लागतो आणि पहिले तीन-चार महिने सरीत भरपूर उजेड असतो. सोयाबीन किंवा भुईमूग त्या मुदतीत निघतो. पूर्वहंगामी उसात कांदा, लसूण, बटाटा, कोबी, फ्लॉवर, हरभरा बसतात. मोठ्या बांधणीनंतर ऊस मिळतो, दोन्ही सऱ्यांची पाने गुंततात आणि खाली जवळजवळ अंधार होतो. तिथे तणही तगत नाही, आणि तिथे अन्नपीक घेण्याची स्वप्ने कोणी विकत असेल तर ती घेऊ नयेत. उसातले आंतरपीक सावलीत वाढत नाही. सावली येण्याआधी ते घरी पोचते. साडेचार-पाच फुटांची सरी किंवा जोडओळ पद्धत ठेवली तर ही मुदत थोडी लांबते. या साऱ्या तंत्रात जागेइतकाच वेळेचा हिशेब आहे, आणि उसाच्या पट्ट्यात अन्नपिकांना जागा मिळवून द्यायची तर सर्वांत मोठी संधी इथेच आहे, असे या पुस्तकाचे ठाम मत आहे.

शेडनेटबद्दल थोडक्यात सांगता येईल. पन्नास किंवा पंचाहत्तर टक्क्यांची जाळी उजेड अडवते तशी उष्णताही कमी करते. एप्रिल-मेच्या तापात उघड्यावर कोथिंबीर करपते, जाळीखाली येते आणि तेव्हाच तिला भावही असतो. मात्र हीच जाळी पावसाळ्यात तशीच ठेवली तर आधीच ढगांनी अर्धा केलेला उजेड आणखी अर्धा होतो. जाळी गुंडाळता आली पाहिजे. पानमळेवाला फांदी छाटतो, त्याचीच ही नवी आवृत्ती.

खरी घाई आहे ती सौर पॅनेलच्या बाबतीत. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतून शेतीच्या फीडरना दिवसा वीज देण्यासाठी गावोगाव जमीन भाड्याने घेतली जात आहे. योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडे ठरले. पॅनेल जमिनीलगत बसली की त्या रानातले पीक संपते. ते तसे संपायलाच हवे असे नाही. जर्मनीत अॅडॉल्फ गोएट्झबर्गर आणि आर्मिन झास्ट्रो यांनी १९८१ मध्येच पॅनेल उंच आणि विरळ बसवून खाली बटाटा पिकवण्याची कल्पना मांडली होती. ती हेगेलबाख येथील शेतावर २०१६ पासून आजमावली गेली; २०१८ च्या कोरड्या, तापलेल्या उन्हाळ्यात तिथे पॅनेलखालचा बटाटा, सेलरी आणि हिवाळी गहू शेजारच्या उघड्या रानापेक्षा अधिक उतरला. अमेरिकेतल्या अॅरिझोनाच्या वाळवंटी भागात २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पॅनेलखाली चिल्टेपीन मिरचीचे उत्पादन सुमारे तिप्पट आणि चेरी टोमॅटोचे दुप्पट भरले. जपानने २०१३ मध्ये शेतजमिनीवर अशी पॅनेल उभारायला परवानगी देताना अट घातली की खालचे उत्पादन त्या भागाच्या सरासरीच्या ८० टक्क्यांखाली जाता कामा नये. आपल्याकडे जोधपूरच्या केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्थेने १०५ किलोवॉटचा असा प्रकल्प उभारून मूग, मटकी, कोरफड अशी पिके पाहिली आहेत.

यातून कडेगावसाठी एक गोष्ट ठळक होते. हेगेलबाख आणि अॅरिझोना या दोन्ही ठिकाणी फायदा झाला तो ऊन आणि कोरडेपणा पिकाला मारत होते म्हणून. ढगाळ, गार वर्षात तोच फायदा तोट्यात जातो. कडेगावला दोन्ही ऋतू भेटतात : होरपळणारा मे आणि झाकोळलेला जुलै. इथे पॅनेलची उंची, दोन ओळींमधले अंतर आणि खालचे पीक हे आधी ठरवून करार व्हायला हवेत. जपानसारखी अट महाराष्ट्रात असती तर अनेक गावांतली सुपीक राने पिकाखाली राहिली असती; ती अट घालायला अजून उशीर झालेला नाही.

घरातल्या आणि दिव्याखालच्या शेतीला पुस्तकात जागा आहे, पण बेताची. एलईडीच्या उजेडात लेट्यूस, मायक्रोग्रीन, पुदिना उत्तम येतो. गहू-तांदूळ मात्र विजेच्या बिलात बुडतात. धान्याला लागणारा उजेड सूर्यानेच पुरवायचा. अळिंबी ही तर वनस्पतीच नाही, तिला उजेडातून अन्न बनवायचे नसते. तरी अंधाऱ्या खोलीत अन्न पिकवू पाहणाऱ्यांचा पहिला विचार तिचाच असतो, म्हणून धिंगरी अळिंबीची माहिती इथे आहे. उसाच्या पाचटावर आणि सोयाबीनच्या काडावर ती येते, पुण्याच्या कृषी महाविद्यालयातील अळिंबी केंद्राने तिचे प्रशिक्षण वर्षानुवर्षे दिले आहे.

शहरातल्या वाचकासाठी लिहिलेल्या भागामागे एक खास कारण आहे. खानापूर, आटपाडी, कडेगाव, तासगाव या तालुक्यांतील हजारो कुटुंबे सोन्याचांदीच्या गलाई व्यवसायासाठी देशभरच्या सराफ बाजारांत स्थिरावली आहेत. या बाजारांतल्या गल्ल्या अरुंद, इमारती चिकटून, खिडकीत ऊन आलेच तर तासभर. मुंबईत डॉ. आर. टी. दोशी यांनी उसाच्या चिपाडावर गच्चीची शेती लोकांपुढे आणली, मुंबई पोर्ट ट्रस्टच्या स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी हिरवी बाग फुलवली. पण गच्चीला भरपूर ऊन असते. उत्तरेकडच्या गॅलरीला आणि जिन्याच्या कठड्याला उपयोगी पडेल असे लेखन मराठीत फार थोडे आहे. तिथे कामाला येणारा साधा नियम असा : पान खायचे असेल तर तीन-चार तासांचे ऊन बहुधा पुरते, कंद खायचा असेल तर त्याहून थोडे अधिक लागते, आणि फळ, शेंग किंवा दाणा हवा असेल तर सहा तासांच्या खाली हात घालू नये. पुदिना, अळू, पालक, मेथी, कांद्याची पात यांना जागा द्यावी; टोमॅटोने रुसून बसण्याआधीच त्याचा नाद सोडावा.

या पुस्तकाची रचना पिकांच्या यादीवर केलेली नाही. आधी जागा वाचायची, मग उजेड मोजायचा, मग पीक ठरवायचे, असा तिचा क्रम आहे. त्यामुळे एखाद्या वाचकाला आपले आवडते पीक उशिरा भेटेल. ते जाणूनबुजून आहे. सावलीतल्या शेतीत सर्वांत जास्त पैसे चुकीच्या पिकावर नव्हे, न मोजलेल्या जागेवर वाया जातात. विद्यापीठांच्या शिफारशी, जुन्या रीती आणि परदेशी प्रयोग यांत जिथे मतभेद आहेत तिथे ते झाकलेले नाहीत. हळदीतल्या मक्याचा वाद त्यातलाच एक. सगळीकडे उत्पादनाचे आकडे वाढवून सांगण्याची सध्याची रीत इथे टाळली आहे, आणि सावलीतले पीक उघड्यावरच्या पिकाइतके येईल असा शब्द कुठेही दिलेला नाही. बांधालगतचे पडीक पट्टे, उसाचे पहिले चार महिने, फळबागेच्या ओळींमधली मोकळी जागा आणि येऊ घातलेल्या पॅनेलखालची जमीन एवढ्यांतून घरच्या भाजीपाल्याचा आणि थोड्या वरकमाईचा मार्ग निघावा, एवढेच पुस्तकाचे उद्दिष्ट आहे. एवढे झाले तरी तालुक्याच्या ताटात बाहेरून येणारी भाजी बरीच कमी होईल.

वाचकांना एकच विनंती. पुस्तक सलग वाचून बाजूला ठेवू नका. येत्या डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात एका निरभ्र दिवशी सकाळी नऊ, दुपारी साडेबारा आणि संध्याकाळी चार वाजता आपल्या रानातल्या किंवा गॅलरीतल्या सावलीच्या कडेला खुंट्या ठोका किंवा खडूने खुणा करा, आणि मे महिन्यात तेच पुन्हा करा. दोन्ही वेळच्या मोजणीचा कच्चा नकाशा वहीत काढून ठेवा. शेवटच्या भागातले पीक-तक्ते त्या नकाशाशेजारी ठेवूनच वाचायचे आहेत.